विश्लेषण : वाडीसाठी बॅटरीवरचा चेन सॉ घ्यायचाय? खोक्यावरच्या व्होल्टवर जाऊ नका

गेल्या मे महिन्यात रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या गावी काकांनी मोबाइलवरून एक छोटा चेन सॉ मागवला. आगोटीची कामे तोंडावर आली होती. फणसाच्या तीन-चार फांद्या घराच्या कौलांवर झुकल्या होत्या. झाडावर चढून फांद्या तोडणारा माणूस दोन आठवडे ‘उद्या येतो’ म्हणत होता, आणि मृग काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता. मशीनच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘८८ व्ही’ छापलेले होते. किंमत अडीच हजारांच्या आत. पहिली फांदी झकास कापली गेली. दुसरीला मशीन कुरकुरले. तिसरीत ते अर्ध्यावर अडकले आणि बंद पडले. त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात काकांच्या डाव्या अंगठ्याला चार टाके घालावे लागतील असा प्रकार घडला.

बॅटरीवर चालणारी साखळीची करवत ही वाईट वस्तू नाही. उलट, ज्या वाडीत कापणारा गडी वेळेवर मिळत नाही आणि घरात साठीच्या पुढची दोनच माणसे आहेत, तिथे ती फार कामाची आहे. पण ती घेताना आपण बघतो एक आकडा, आणि काम ठरते दुसऱ्याच आकड्यांवर.

‘८८ व्ही’ म्हणजे नेमके किती व्होल्ट?

काकांच्या त्या बॅटरीला मी नंतर मल्टिमीटर लावला. पूर्ण चार्ज असताना २०.४ व्होल्ट. ‘८८’ हा आकडा व्होल्टचा नव्हताच. अशा स्वस्त मशीनवर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे काहीबाही छापलेले असते. ते मॉडेलचे नाव आहे असे म्हणून विकणारा हात झटकतो, आणि घेणारा मात्र ते व्होल्ट समजतो.

हिशेब सोपा आहे. या बॅटऱ्यांमध्ये लिथियमचे छोटे सेल एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट. पाच सेल जोडले की सरासरी १८ आणि भरल्यावर २१. म्हणजे दुकानात १८, २० आणि २१ व्होल्ट अशा तीन नावांनी मांडलेली बॅटरी एकच असते. दहा सेल जोडले की ३६ व्होल्ट. तिलाच काही कंपन्या ४० म्हणतात.

बॅटरीत किती काम साठले आहे हे कळायला व्होल्टला अॅम्पिअर-अवरने, म्हणजे ‘एएच’ने, गुणायचे. उत्तर वॉट-अवरमध्ये येते. १८ व्होल्ट आणि ५ एएच म्हणजे ९० वॉट-अवर. ३६ व्होल्ट आणि ५ एएच म्हणजे १८०. काकांच्या बॅटरीवर बारीक अक्षरांत २ एएच लिहिले होते, म्हणजे सगळे मिळून ३६ वॉट-अवर. आपल्या घरातला छताचा जुना पंखा साधारण ७० वॉट खातो. त्या बॅटरीवर तो अर्धा तास फिरला असता. फणसाच्या फांदीचे काय होणार होते, ते यावरून कळावे.

मग व्होल्टला काहीच अर्थ नाही का? आहे, पण वेगळ्या कारणासाठी. समजा करवतीला १००० वॉटची ताकद हवी आहे. १८ व्होल्टच्या बॅटरीला त्यासाठी ५५ अॅम्पिअर प्रवाह द्यावा लागतो, ३६ व्होल्टच्या बॅटरीला २८. तारांत आणि सेलमध्ये तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह निम्मा झाला की उष्णता चौथा हिस्सा होते. मे महिन्यात कातळावर उभे राहून काम करणाऱ्याला हा फरक हाताला जाणवतो. तापलेली बॅटरी चार्जरला लावली तर चांगला चार्जर ती थंड होईपर्यंत घेतच नाही, आणि आपण मशीन बिघडले म्हणून दुकानदाराला फोन करतो.

आमच्या वाडीला किती पुरेल?

आधी काम काय आहे ते बघू. कौलांवर किंवा गोठ्यावर आलेल्या फांद्या, वाळलेली काजूची झाडे, गडग्यातून डोके काढलेली भेंडी आणि गिरिपुष्प, सरपणासाठी तुकडे. आंब्याच्या बागेत आतली दाटी मोकळी करून ऊन आत पाडण्यासाठी केलेली छाटणी. यातले बहुतेक काम मनगटापासून मांडीएवढ्या जाडीचे असते. त्याला १२ इंची पट्टी आणि ३६ व्होल्टची, किंवा १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकत्र वापरणारी करवत पुरते. कापायच्या फांदीपेक्षा पट्टी दोन इंच लांब असावी, एवढे धरून चालावे.

१८० वॉट-अवरची बॅटरी १००० वॉटने सतत चालवली तर जेमतेम ११ मिनिटे चालेल. ऐकायला हे फारच कमी वाटते. पण आपण सतत कापत नसतो. एक काप दहा सेकंदांचा धरला तर त्या ११ मिनिटांत साठेक काप होतात. फांदी ओढणे, पुढच्या फांदीकडे जाणे, चहा, हे सगळे धरले तर सकाळचा वेळ निघतो. दुसरी बॅटरी असेल तर दुपारही. एका चार्जला वीज लागते सुमारे पाव युनिट, म्हणजे दोन-तीन रुपयांची.

दाट लाकडाच्या झाडांवर मात्र हा हिशेब कोसळतो. ऐन आणि किंजळ कापताना बॅटरी निम्म्या वेळात उतरली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. नारळ-पोफळीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. ते लाकूड नव्हे, दोऱ्यांचा गठ्ठाच. ते धागे साखळीच्या आत आणि गिअरच्या झाकणाखाली गच्च बसतात. दर दोन-तीन कापांनी बॅटरी काढून झाकण उघडायचे आणि सगळे खरवडून काढायचे.

जुन्या हापूसच्या बागांचा विषय स्वतंत्र आहे. चाळीस-पन्नास फूट वाढलेल्या झाडावर फवारा पोहोचत नाही आणि आंबे उतरवायला माणूस जिवावर उदार होऊन चढतो. म्हणून दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनासाठी उंची कमी करण्याचे तंत्र सुचवले आहे. ते काम मोठ्या, फूटभर जाडीच्या फांद्यांचे आहे आणि उंचावरचे आहे. छाटणी कोणत्या महिन्यात आणि किती उंचीवर करायची हे विद्यापीठाच्या किंवा कृषी खात्याच्या माणसाला बाग दाखवूनच ठरवावे. आणि ते करायला दोर बांधून चढणारी अनुभवी टोळी आणि पेट्रोलची करवत हवी. बॅटरीचे मशीन तिथे खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायला ठेवा.

पेट्रोलची करवत मग कुणी घ्यायची?

लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. छोट्या इंजिनाने त्यातला पाचवाच हिस्सा कामी लावला असे धरले तरी ती १८० वॉट-अवरच्या दहा बॅटऱ्यांएवढी होते. रोज लाकूड कापणाऱ्याला, खोड पाडणाऱ्याला पर्याय पेट्रोलच आहे. त्याबद्दल वाद नको.

पण वर्षातून दहा दिवस करवत वापरणाऱ्याची दुखणी निराळी असतात. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मापात मिसळावे लागते. माप चुकले की पिस्टन जातो. जूनमध्ये कोपऱ्यात ठेवलेले मशीन ऑक्टोबरात दोरी ओढून ओढून खांदा भरून आला तरी सुरू होत नाही, कारण टाकीत राहिलेले पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसलेले असते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढते. कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याची कमतरता नाही. अनेक लहान इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच दिलेली असते, ती पाने एकदा वाचावीत.

वादळानंतर वीजच नसेल तर?

हा प्रश्न मला दापोलीतल्या एका वाचकाने विचारला, आणि त्याला उडवून लावता येत नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, रस्ते झाडांनी अडले आणि अनेक गावांत वीज यायला आठवडे लागले. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेले. करवत सर्वात जास्त लागते ती नेमकी अशाच दिवसांत, जेव्हा चार्जर लावायला प्लग असतो पण त्यात वीज नसते.

घरात १५० एएचचा इन्व्हर्टर असेल तर त्यात कागदावर १८०० वॉट-अवर साठलेले असतात. त्यातले निम्मेच वापरायचे म्हटले, कारण बॅटरी पार रिकामी केली की तिचे आयुष्य जाते, तर ९०० उरतात. १८० वॉट-अवरचा एक चार्ज इन्व्हर्टर आणि चार्जरमधली गळती धरून २३०-२५० घेतो. म्हणजे पंखे-दिवे बंद ठेवून तीन-साडेतीन चार्ज. रस्ता मोकळा करायला एवढे पुरते, वाडी साफ करायला पुरत नाही. यात एक गोम आहे. जुन्या, स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काही चार्जर तापतात किंवा चालतच नाहीत. वादळाच्या आधी एखाद्या शांत दिवशी लावून बघा. हवामान खात्याचा इशारा आला की मोबाइल आणि पाण्याच्या टाकीबरोबर करवतीच्या दोन्ही बॅटऱ्याही भरून ठेवा.

वादळात पडलेले झाड आणि उभे झाड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि अनुभवी माणसेही इथे फसतात. पडलेल्या खोडात कुठे ताण तर कुठे दाब अडकलेला असतो, ताणलेल्या धनुष्यासारखा. वाकलेल्या फांदीची बाहेरची, ताणलेली बाजू एकदम कापली तर ती फाडकन चिरून अंगावर येते. आधी आतल्या, दबलेल्या बाजूला थोडा काप घ्यायचा, मग बाहेरून हळूहळू. मुळासकट उपटलेले झाड तर आणखी धोक्याचे असते. खोड कापून वजन सुटले की मुळांचा तो मोठा गड्डा झटक्यात परत खड्ड्यात उभा राहू शकतो. त्या खड्ड्यात पोर खेळत असेल तर काय होईल, याचा विचारही नको. तारेवर पडलेल्या झाडाला तर हातच लावायचा नाही. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवायचे आणि त्यांचा माणूस वीज बंद केल्याचे सांगेपर्यंत लांब राहायचे.

काकांच्या अंगठ्याला काय झाले?

तिसऱ्या फांदीत मशीन बंद पडले तेव्हा काकांनी ‘बॅटरी मेली’ असे ठरवले. साखळी लाकडात रुतली होती. उजवा हात दांड्यावर, बोट बटणावरच. डाव्या हाताने ते साखळी मोकळी करू लागले.

बॅटरी मेलेली नव्हती, ती दमली होती. फार जास्त प्रवाह खेचला की सेलचा दाब तात्पुरता खाली बसतो आणि बॅटरीतले संरक्षक सर्किट वीज तोडते. भार उतरला, काही सेकंद गेले की दाब परत वर येतो. काकांनी साखळी सोडवली, म्हणजे भार उतरवला, आणि बटण दाबलेलेच होते. चांगल्या मशीनला चालू होण्यासाठी दोन बटणे एकत्र दाबावी लागतात, आणि एकदा थांबल्यावर बोट उचलून पुन्हा दाबल्याशिवाय ते सुरू होत नाही. या मशीनमध्ये ती सोय नव्हती. साखळी जेमतेम एक फेरी फिरली असेल.

पेट्रोलचे इंजिन चालू असले की सगळ्या वाडीला कळते. बॅटरीची करवत गप्प असते, आणि गप्प असली तरी जिवंत असते. म्हणून साखळीला, पट्टीला, झाकणाला हात लावायच्या आधी बॅटरी बाहेर काढून ती खिशात किंवा गडग्यावर ठेवायची. बंद करणे पुरेसे नाही. बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे नको.

दुसरा धोका उसळीचा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशालाही टेकला की साखळी लाकडात चावा घेते आणि सगळे मशीन वर, तुमच्या चेहऱ्याच्या दिशेने उसळते. हे इतक्या झटक्यात होते की सावरायला वेळच मिळत नाही. त्यासाठी पुढच्या दांड्यासमोर साखळी थांबवणारा ब्रेक असतो. चार-सहा इंची मिनी करवतींवर बहुधा तो नसतो आणि त्या एका हाताने धरायला बनवलेल्या असतात. दुसऱ्या हाताने आपण फांदी धरतो, आणि तिथेच घात होतो. बारा इंची करवत दोन्ही हातांनीच धरावी लागते, ही माझ्या मते तिची सर्वात मोठी सुरक्षा आहे.

शिडीवर उभे राहून करवत चालवू नये. लुंगी किंवा पंचा नेसून, स्लिपर घालून तर नाहीच. जाड पँट, गमबूट किंवा बंद बूट, डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर हेल्मेट (दुचाकीचे असले तरी काही नसण्यापेक्षा बरे). ‘आवाज कमी आहे’ म्हणून कान मोकळे सोडू नयेत.

तेल आणि कानस

पेट्रोल नको म्हणजे तेलही नको, असा समज मी तिघा-चौघांकडून ऐकला. साखळी पट्टीवर लोखंडाला लोखंड घासत धावते. बॅटरीच्या करवतीलाही साखळीचे तेल लागतेच, आणि बॅटरी बदलताना दरवेळी टाकी बघावी. गाडीचे जळके ऑइल टाकण्याची पद्धत सर्रास आहे. त्यातला धातूचा कीस पंप बुजवतो, आणि ते तेल शेवटी तुमच्याच आंब्याच्या बुंध्यात उतरते. तेल नीट येते का ते बघायला सोपी युक्ती आहे. पट्टीचे टोक पुठ्ठ्यासमोर, न टेकवता, धरून करवत चालवा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

धारेची परीक्षा भुशावर होते. जाडसर कीस पडत असेल तर धार आहे, पिठासारखी पूड पडत असेल तर धार गेली. बोथट साखळीने कापताना आपण जोर लावतो, मोटर तापते आणि बॅटरी पळते. आपल्याकडे धारेचा शत्रू पायाखालीच असतो. फांदी कापता कापता साखळी जांभ्याला नुसती टेकली तरी खेळ खलास. जमिनीवर कापताना खाली ओंडका घ्या. लहान करवतींच्या ‘३/८ लो प्रोफाइल’ साखळीला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, पाव इंच पिचच्या काही साखळ्यांना ३.२ मिलिमीटरची. नवी साखळी घेताना पट्टीची लांबी सांगून भागत नाही. पिच, जाडी आणि आतल्या कड्यांची संख्या सांगावी लागते. हे आकडे पट्टीवर कोरलेले असतात. त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

झाडाचीही काळजी घ्यायला हवी. जाड फांदी वरून एका दमात कापली की ती मोडताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून एकतृतीयांश काप, मग थोडे पुढे वरून काप, फांदी पडली की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर वळ्याला धक्का न लावता काढायचा. आंब्याच्या उघड्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे तिचे प्रमाण. नाहीतर बुरशी आणि भिरूड वाट बघतच असतात.

घेताना आणि ठेवताना

जाहिरातीतली किंमत बहुतेक वेळा ‘फक्त मशीन’ची असते. दोन बॅटऱ्या आणि चार्जर धरून बेरीज करा, ती बऱ्याचदा दुपटीवर जाते. मोटर ब्रशलेस आहे का ते विचारा. तीच बॅटरी त्या कंपनीच्या ड्रिलला, गवत कापणीच्या मशीनला चालते का, आणि साखळी-बॅटरी रत्नागिरीत, चिपळुणात मिळते का, हेही. मला विचाराल तर मॉडेलच्या तुलनेत रात्र घालवण्यापेक्षा हा शेवटचा प्रश्न दुकानात जाऊन विचारणे जास्त फायद्याचे आहे.

पावसाळ्यात करवत चार महिने पडून राहते. बॅटरी काढून, निम्मी चार्ज करून, घरातल्या कोरड्या कपाटात ठेवा. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी ऑक्टोबरात चार्जच घेत नाही, आणि भरगच्च ठेवलेलीही लवकर म्हातारी होते.

झाड माझे, मग परवानगी कशाला?

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, खैर, ऐन, किंजळ अशी आपल्या परड्यातली बरीच झाडे आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला वन खात्याची परवानगी लागते. शहरात नगर परिषदेच्या हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा लागू होतो. छाटणी कुठे संपते आणि तोड कुठे सुरू होते याबद्दल शंका असेल तर करवत चालवण्याआधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात विचारून घ्या.

काकांनी या वर्षी शेजारच्या दोन घरांसोबत वर्गणी काढून १२ इंची, ३६ व्होल्टची करवत घेतली आहे. फणसाची राहिलेली फांदी वैशाखातच उतरली. घरामागचा जुना रायवळ मात्र त्यांनी त्या ‘उद्या येतो’ म्हणणाऱ्या माणसासाठीच ठेवला, आणि तो खरोखर आला, दोर घेऊन. ‘८८ व्ही’ची बॅटरी आता थोडी फुगली आहे. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नसते, कचऱ्यात टाकायची नसते आणि जाळायची तर मुळीच नसते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पण या बॅटरीवर उत्पादकाचे नावच नाही. तोवर ती पडवीबाहेर, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे.